मागच्या दारापलीकडचा काळा

१

हे बाहेर कुठं बोलायचं नाही, असं अम्मीनं बजावून ठेवलं आहे. लिहायचं नाही, असं मात्र ती म्हणालेली नाही. आणि 'मी' म्हणून लिहिलं तर तेही बोलल्यासारखंच होईल. म्हणून ही गोष्ट उमैमा नावाच्या एका मुलीची आहे, जी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही.

उमैमाचं घर मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला आहे. शाळेतून आली की ती हातपाय धुते, चहा पिते आणि अयूबचाचाच्या खोलीत जाते. तिथल्या कपाटात पावसाळाभर एक बल्ब जळत असतो, नाहीतर समुद्राच्या दमट हवेनं कपडे आणि पुस्तकं दोन्हींना बुरशी धरते. कपाटाशेजारी टेबलावर चाचाचा जुना कॉम्प्युटर आहे. उमैमा त्याच्यावरचं फडकं काढते, धूळ पुसते आणि बटण दाबते. पडदा काळाच राहतो. पण पेटी आतून ओरडते. एक लांब, दोन आखूड. तेवढं ऐकून ती बटण बंद करते.

"रोज तो भोंगा कशाला वाजवतेस गो?" अम्मी स्वयंपाकघरातून विचारते.

"बंद पडू नये म्हणून."

अयूबचाचा म्हणजे अब्बांचा धाकटा भाऊ. तो मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. बंदराबंदरातून एकेक भाग आणून त्यानं हा कॉम्प्युटर जोडला होता आणि त्यात एक घर बांधलं होतं. आपलंच घर. बाणांची बटणं दाबत त्या घरात फिरायचं, ओटी, माजघर, स्वयंपाकघर. मागच्या दाराला मात्र त्यानं ओ हे अक्षर ठेवलं होतं. ते दाबलं तरच दार उघडायचं.

ते अम्मीला चिडवायला होतं. मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या, सुमारास बाहेरून कुणी एकच हाक मारली तर ओ द्यायची नाही, तिसरी हाक येईपर्यंत थांबायचं, असं अम्मीच्या माहेरी पाळत आणि तिनं ते इथंही आणलं. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो, असं तिचं म्हणणं. चाचा मिरकरवाड्यावरून मासळी घेऊन मागच्या दारी यायचा, एकदाच हाक मारायचा आणि गप्प उभा राहायचा. आत अम्मी हट्टानं बसून, बाहेर चाचा हट्टानं उभा. शेवटी मांजरं गोळा व्हायची तेव्हा अम्मी शिव्या देत दार उघडायची.

दोन वर्षांपूर्वी, चाचा शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा, कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघा येऊ लागल्या होत्या. खारी हवा कार्डाला लागली, चाचा म्हणाला. पडद्यावर चित्र उमटवतं ते कार्ड त्यानं उपटून काढलं. "असंच दुसरं शोधून आणतो. नमुना बरोबर असलेला बरा." इतर सामानात ते हरवू नये म्हणून उमैमानं त्याच्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ब्रशचा एक केस त्या ठिपक्यात चिकटून राहिला. ती काढायला गेली तर चाचा म्हणाला, "राहू दे. आता चुकायचं नाही."

मग जहाज निघालं आणि भर समुद्रात कुठंतरी एका सकाळी अयूबचाचा जहाजावर नव्हता. यापेक्षा जास्त कुणालाच कळलं नाही.

आता अब्बा कुवेतहून येणार आहेत. येत्या शुक्रवारी मशिदीत चाचाच्या नावानं गायबाना जनाज्याची नमाज होईल, म्हणजे मयत समोर नसताना पढतात ती. मग खोली रिकामी करायची आणि कॉम्प्युटर भंगारात द्यायचा.

"माणूस गेला हे कधीतरी मानायला लागतं, बेटा," अब्बा फोनवर म्हणाले.

"मी नाही मानणार," उमैमा म्हणाली.

तिनं अब्बांना असं उत्तर कधी दिलं नव्हतं. मग अब्बा म्हणाले, "अम्मीला दे."

त्याच संध्याकाळी तिनं ठरवलं. कॉम्प्युटर भंगारात जाण्याआधी त्याला कार्ड बसवायचं आणि चाचाचं घर एकदा बघायचं. चाचाला गेलेला मानायचं की नाही, ते त्यानंतर.

२

उमैमाची मैत्रीण रुचिरा. तिचा मोठा भाऊ सोहम मारुती मंदिराच्या बाजूला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. उमैमानं वाक्य घरूनच पाठ करून नेलं होतं.

"मला जुनं डिस्प्ले कार्ड हवंय. लांब काळ्या खाचेत बसणारं."

"कुठल्या जमान्यातलं?" सोहमनं मान वर केली.

"फोर एटी सिक्स."

"अगो बाय! तो अजून जिवंत आहे? लोक आता नवीन गेमसाठी कार्डं मागतात, आणि तू होडी घेऊन पेट्रोल पंपावर आलीस."

"दादा, टिंगल नको," रुचिरा म्हणाली. "ती बोलली हेच खूप आहे."

"तो वाजतो," उमैमा म्हणाली. "एक लांब, दोन आखूड."

"म्हणजे कार्ड नाही म्हणून बोंबलतोय. कार्ड नीट बसलं की एकदाच वाजेल. एकदा वाजला म्हणजे सगळं ठीक. जास्त वेळा वाजला तर समजायचं, काहीतरी बिघडलंय."

उमैमाला गंमत वाटली. अम्मीच्या बरोबर उलटा हिशेब.

सोहमनं मागून एक खोका आणून टेबलावर उपडा केला. ढिगातून त्या खाचेत बसणारी दोनच कार्डं निघाली. एक आखूड आणि स्वच्छ. दुसरं लांब, जास्त मेमरीचं, पण त्याच्या सोनेरी दातांवर पांढरी पूड साचलेली.

"हे छोटं धडधाकट आहे, पण याच्यात सोळाच रंग दिसतील. मोठ्यात दोनशे छप्पन. पण याची दशा बघ. समुद्रातून काढल्यासारखं झालंय."

उमैमानं मोठं कार्ड उचललं आणि कोपरा उजेडाकडे वळवला. तिथं लाल ठिपका होता.

नेलपॉलिश सगळ्यांच्याच घरी असतं, तिनं स्वतःला सांगितलं. दुरुस्तीवाले खूण म्हणून लावतही असतील. तिनं ठिपक्यावरून नख फिरवलं. नखाला काहीतरी अडलं. ठिपक्यात एक केस होता. ब्रशचा.

"हे कुठून आलं?"

"भंगाराच्या पोत्यातून आलं असणार. आणखी कुठून?" सोहम कान खाजवत म्हणाला. "पोतं उघडलं तेव्हा मला दिसलं नव्हतं, हे खरं. कुठलं देऊ बोल."

एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात वस्तू फिरतात. चाचानं ते कुठल्यातरी दुकानात टाकलं असेल. तिथून कुणीतरी उचललं असेल. असं होऊ शकतं. उमैमानं मनात हे सगळं नीट ओळीत मांडलं आणि तरी तिचा हात ते कार्ड खाली ठेवायला निघाला.

"छोटं," ती म्हणाली.

"घेऊन जा. चाललं तर सांग."

रिक्षात बसल्यावर तिनं बोटांचा वास घेतला. खारट वास येत होता. आठवडाभर अडकलेल्या जाळ्याला येतो तसला.

३

कार्ड खाचेत बसवून तिनं बटण दाबलं. पेटी एकदाच वाजली आणि पडदा उजळला. उमैमानं आनंदानं टेबलावर थाप मारली. मग यादीतून चाचाचं घर शोधून ते उघडलं.

ओटी आली. झोपाळा आला. रंग मोजकेच होते, भिंती निळ्या आणि माणसं गुलाबी, पण घर आपलंच होतं. स्वयंपाकघरात चुलीपुढे ओढणी डोक्यावर घेतलेली एक बाई हातात पळी घेऊन उभी होती.

"हे काय चाललंय?" म्हणत खरी अम्मी दारात आली आणि पडदा बघून थांबली. ओरडणार होती, ते विसरली. "ही मी?"

"तूच."

"एवढं मोठं नाक? मेल्यानं माझं नाक बघ कसं काढलंय!" ती हसली. मग तिनं खुर्ची ओढली आणि हसतच ओढणीनं डोळे पुसले. "चल, माजघरात ने मला."

दोघी बराच वेळ त्या घरात फिरल्या. शेवटी उमैमा मागच्या दाराशी आली. शेजारच्या खिडकीबाहेर काळं होतं. तिनं ओ दाबलं. दार उघडलं, आणि त्याच्या चौकटीतही काळंच. सपाट, एकसारखं. तिनं पुढचा बाण दाबला. उंबऱ्यापुढे जाता येईना. चाचानं बाहेर विहीर काढली होती, माड काढला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. तिनं पुन्हा दाबला. मधे कुणी उभं असल्यावर पुढे जाता येत नाही, तसं झालं.

"सोळाच रंग आहेत," ती म्हणाली. "अंधारासाठी एकच काळा उरतो. त्यात काही असलं तरी दिसायचं नाही."

"पुरे आता. हातपाय धुऊन वजू कर, अजान होईल."

तेवढ्यात मागच्या दारी हाक आली.

"उमैमाऽ"

नावाचं शेपूट वर उचललेलं. तसं या घरात एकच माणूस म्हणायचा.

उमैमा उठली, पण अम्मीनं तिचं मनगट धरलं होतं.

"थांब. पुन्हा येऊ दे."

बाहेर मांजर ओरडलं. बर्फाच्या कारखान्याची घरघर चालू होती. खाली बंदरात कुणीतरी टोपल्या आपटत होतं. दोघींनी कान लावले होते. दुसरी हाक आली नाही.

मग अजान झाली आणि अम्मीनं हात सोडला. उमैमा धावत गेली, कडी काढली. पायरीवर कुणी नव्हतं. जांभ्या दगडाची पायरी कोरडी होती. मांजर मात्र पायरीच्या कडेला बसून वर बघत होतं, जिथं माणसाच्या हातातली मासळीची पिशवी लोंबकळते तेवढ्या उंचीवर.

"चाचा होता," उमैमा म्हणाली.

"तो असता तर पुन्हा हाक मारली असती."

"चाचानं दुसरी हाक कधी मारली होती, अम्मी?"

अम्मीनं कडी घातली, वरची खिट्टी लावली आणि पाठ दाराला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "हे बाहेर कुठं बोलायचं नाही. अब्बांना तर नाहीच."

४

"ते मोठं कार्ड द्या," दुसऱ्या दिवशी उमैमा दुकानात शिरता शिरता म्हणाली. वाक्य पाठ करायला ती विसरली होती.

सोहमनं कार्ड फडताळातून काढलं. ते त्यानं इतरांपासून वेगळं, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं.

"तू गेल्यावर याचे दात खोडरबरानं घासून लखलखीत केले. आज बघ." कागद उलगडला. दातांवर पांढरी पूड पुन्हा आली होती आणि कागद ओलसर होता. "मीठ आहे. चाखून बघितलं मी."

"दादा, शी!"

"अगो, विष असतं तर आत्ता बोललो असतो का?" सोहम हसला, पण कार्ड त्यानं चिमटीतच धरलं होतं. "उमैमा, दुसरं शोधून देतो. मुंबईहून मागवतो. हे राहू दे."

"तोपर्यंत शुक्रवार होऊन जाईल."

रुचिरा तिला दुकानाबाहेर घेऊन आली. "छोटं चालतंय ना? मग हे कशाला?"

"छोट्यात बाहेरचं दिसत नाही."

"बाहेर काय आहे?"

"तेच बघायचंय."

"आणि बघू नये असं काही असलं तर?"

"तर तेही बघीन," उमैमा म्हणाली. रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं, एवढ्या मोठ्यानं. "शुक्रवारी सगळे न बघताच ठरवणार आहेत, रुचिरा. चाचा नाही, म्हणे. कुणी बघितलंय? मग मी बघून का ठरवू नये?"

रुचिरानं डब्याचा नॅपकिन काढला, कार्ड त्यात गुंडाळलं आणि उमैमाच्या दप्तरात स्वतःच ठेवलं. नॅपकिन परत मागितला नाही.

५

अम्मी नळावर गेली होती. खिडकीतून चार वाजताचं ऊन टेबलावर पडलं होतं. भरदिवसा काय व्हायचंय, असं म्हणत उमैमानं छोटं कार्ड काढलं आणि मोठं खाचेत दाबलं. ते सहज बसलं. आपली जागा ओळखीची असल्यासारखं.

पेटी एकदाच वाजली.

या वेळी घर खरं होतं. ओटीवर संध्याकाळचा उजेड होता. माजघराच्या भिंतीवर ओलीचा डाग होता, तोच, कितीदा चुना लावला तरी वर येणारा. चुलीपुढच्या अम्मीच्या हातात पळी नव्हती. तिनं दोन्ही हात ओढणीत घेतले होते आणि ती मागच्या दाराकडे बघत होती.

सोळा रंगांत हात नीट दिसले नसतील, उमैमानं स्वतःला सांगितलं. पळीच वाटली असेल.

ती मागच्या दाराशी आली. खिडकीबाहेर आता एकच काळा नव्हता. निळसर काळा होता, शेवाळी काळा होता, डांबरासारखा काळा होता. तिनं ओ दाबलं.

दार उघडलं. आधी पायरी दिसली, ओली. मग चौकटीवर ठेवलेला एक हात. बाही खांद्यापर्यंत भिजून अंगाला चिकटलेली. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, चाचाचं मशीनच्या पट्ट्यात सापडून झालं होतं तसं. तोंड चौकटीच्या कडेपलीकडे होतं. दिसायला हवं असेल तर आणखी एक पाऊल पुढे जायला हवं होतं.

उमैमाला भीती वाटली नाही. राग आला. दोन वर्षं हा माणूस दारात उभा आहे आणि आम्ही तिसऱ्या हाकेची वाट बघतोय.

तिनं बाणावर बोट ठेवलं. तेव्हा तिला मागचं दिसलं.

त्याच्या मागचा काळाही एकच नव्हता. त्यात माणसांच्या खांद्यांच्या आकाराच्या छटा होत्या. एकामागे एक, पायरीवरून खाली, विहिरीच्या पलीकडे, जिथं वाट बंदराकडे उतरते तिथपर्यंत. सगळ्यांचा रोख इकडेच. कुणी ढकलत नव्हतं. मशिदीत नमाजेची रांग, सफ लावतात तसे नीट उभे होते.

चित्र आहे, तिनं स्वतःला सांगितलं. काढलेलं चित्र हलत नाही. चाचानंच कधीतरी गंमत म्हणून काढलं असेल. ती बघत राहिली. काहीच हललं नाही. उन्हानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिनं पापणी मिटली आणि उघडली.

चौकटीवरचा हात होता तिथंच होता. बोटं मात्र आता चौकटीच्या आतल्या बाजूला होती.

तिनं वायर उपटली.

६

अम्मी हंडा घेऊन आली तेव्हा उमैमा स्वयंपाकघरात पाटावर बसली होती.

"चाचा दारात आहे," ती म्हणाली. "त्यानं हाक मारली आणि आपण ओ दिली नाही. म्हणून तो तिथंच आहे."

अम्मी ओरडेल असं तिला वाटलं होतं. अम्मीनं हंडा उतरवला. तिनं मागच्या दाराच्या खिट्टीकडे पाहिलं.

"तुझे अब्बा उद्या सकाळी येतील," ती म्हणाली. "परवा शुक्रवार."

"एकदा नमाज झाली की तो कुणाला हाक मारणार?"

अम्मीनं चुलीवर आधण ठेवलं. फडताळातून कप काढले. एक तिचा, एक उमैमाचा आणि एक तो निळ्या काठाचा, जो दोन वर्षांत कुणी वापरला नव्हता. तो तिनं आतून बाहेरून दोनदा धुतला. मग हात वर करून दाराची वरची खिट्टी काढली. कडी तेवढी राहू दिली.

"ती तू काढ," ती म्हणाली. "तुझं नाव घेतलंय त्यानं."

मागच्यांचं उमैमानं तिला सांगितलेलं नाही. अम्मीनं तिला बाहेर बोलायला मना केलं होतं, आणि ही एक गोष्ट तिनं घरातही बोलायची नाही असं स्वतःच ठरवलं. सांगितलं असतं तर निळ्या काठाचा कप परत फडताळात गेला असता.

आता ऊन उतरलं आहे. उमैमा चाचाच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. वायर जमिनीवर पडली आहे, कशातच लावलेली नाही. तरी मघाशी पेटी वाजली. एकदाच. एकदा वाजली म्हणजे सगळं ठीक.

बाहेर मांजरं गोळा झाली आहेत. स्वयंपाकघरातून चहाचा वास येतो आहे, आणि दुसरा एक वास, जाळ्यासारखा. अम्मी चुलीशी उभी आहे. दोन्ही हात ओढणीत, तोंड दाराकडे.

उमैमानं सगळं ठरवलं आहे. कडी काढायची, चाचाचा हात धरायचा, त्याला आत ओढायचं आणि लगेच दार लावायचं. मागच्यांनी हाक मारलेली नाही, त्यांना ओ द्यायचं आपल्यावर बंधन नाही. आणि दार लावायला जमलं नाही, त्यांच्यातल्या कुणी पाय आत टाकलाच, तर घाबरून जायचं नाही. वर्गात हात वर न करणारी ती मुलगी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे की हे घर

हाक आली.

ओ! आले. एवढं वाक्य पुरं करून मी